गार्माला जाऊन आले: परवाने, खर्च आणि लाल माती

गार्माला जायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, हे मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण ती एक तर पर्यटनाच्या जाहिरातीसारखी किंवा सरकारी परिपत्रकासारखी. म्हणून आठवतंय तोवर क्रमाने लिहून काढते.

गार्मा हा ऑस्ट्रेलियातल्या योलंगू या आदिवासी लोकांचा चार दिवसांचा महोत्सव. नॉर्दर्न टेरिटरीत अर्नहेम लँड आहे, त्याच्या ईशान्य कोपऱ्यात गुलकुला नावाच्या पठारावर तो दर वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला भरतो. १९९९ पासून योथु यिन्दी फाउंडेशन तो भरवतं. दुपारनंतर नाच, रात्री गाणी आणि चित्रं, सकाळी मोठ्या मांडवात राजकारण आणि धोरणांवर चर्चा, आणि दिवसभर झाडांखाली बायकांचं विणकाम. मी गेले ते २०२४ साली, २ ते ५ ऑगस्ट, शुक्रवार ते सोमवार.

मी मेलबर्नमधल्या एका सार्वजनिक वाचनालयात स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळते. वयस्कर लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, जुन्या फोटोंवर नावं-तारखा घालायच्या, सगळं नीट खोक्यांत ठेवायचं, हे माझं काम. जिथे माणसं आपला इतिहास कागदाविना सांभाळत आली आहेत तिथे एकदा जाऊन पाहावं असं फार दिवस मनात होतं. अडचण पैशांची. गार्माची नोंदणी दोन हजार डॉलरच्या वर जाते. सवलतीचे प्रकार आहेत, पण मी त्यांतल्या कशातच बसत नव्हते. तेवढ्या पैशांत मुंबईचं परतीचं तिकीट येतं, हे नवऱ्याने एकदाच बोलून दाखवलं आणि नंतर विषय काढला नाही, हे त्याचे उपकार.

मग प्रशिक्षणाच्या निधीतून निम्मे पैसे मिळावेत म्हणून फेब्रुवारीत अर्ज केला. त्यात एक रकाना होता, ‘या उपक्रमातून विभागाला मोजता येण्याजोगा कोणता लाभ होईल?’ यावर मी दोन रविवार घालवले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, मध्ये एक अधिकारी रजेवर गेले, एकदा ‘महोत्सव म्हणजे करमणूक का?’ अशी विचारणा झाली, आणि मंजुरी यायला एप्रिल उजाडला. तुम्हालाही संस्थेकडून पैसे हवे असतील तर अर्जात ‘महोत्सव’ हा शब्द कमी आणि सकाळच्या चर्चासत्रांची माहिती जास्त लिहा. माझं काम त्यानेच झालं.

नोंदणीत तंबू, चारही दिवसांचं जेवण आणि विमानतळापासूनची बस येते. फॉर्ममध्ये आहाराचा रकाना असतो, तिथे शाकाहारी लिहायला विसरू नका. आईला सांगलीला फोन केला तर तिची पहिली शंका, “तंबूत झोपणार? या वयात?” आणि दुसरी, “तिथे तुला खायला काय मिळणार गं?” मिळालं. डाळी, भाज्या, भात, पाव, सगळं होतं. तरी तिच्या आग्रहाखातर नेलेलं मेतकूट कामी आलंच, आणि शेजारच्या तंबूतल्या ॲडलेडच्या बाईंनी ते पावावर भुरभुरवून संपवलं.

विमानाचं तिकीट मात्र नोंदणीची पावती हातात पडताच काढा. गोव्हच्या विमानतळावर येणारी विमानं मोजकी, आणि त्या आठवड्यात सगळ्यांनाच तिथे जायचं असतं. मेलबर्न ते डार्विन साडेचार तास, डार्विनला मुक्काम, सकाळी गोव्हचं विमान दीडेक तासाचं. दोन्ही प्रवास मिळून मला हजाराच्या वर खर्च आला. सामानाची मर्यादा नीट वाचा, माझी खुर्ची घरीच राहिली ती त्यामुळे.

आता परवाने. सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

अर्नहेम लँड कायद्याने तिथल्या मूळ मालकांची जमीन आहे. बाहेरच्या माणसाने परवान्याशिवाय तिथे जायचं नाही. महोत्सवाच्या जागेचा परवाना नोंदणीतच येतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. गोव्हचा विमानतळ ज्याचा, त्या न्हुलुनबॉय या खाणीच्या गावात विमानाने थेट उतरलात तर गावापुरता परवाना लागत नाही. पण गाडीने यायचं असेल, म्हणजे कॅथरीनहून सुमारे ७०० किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता, तर नॉर्दर्न लँड कौन्सिलचा प्रवास परवाना हवा. त्याला कामाचे किमान दहा दिवस हाताशी ठेवा. आणि गावाच्या आसपासचे समुद्रकिनारे बघायचे असतील तर धिमुरु या योलंगूंच्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, शुल्क आहे, आणि काही खास जागांसाठी पुन्हा वेगळी परवानगी लागते. मला महोत्सवानंतर थोडं थांबायचं होतं, म्हणून मी धिमुरुचा घेतला.

परदेशात वीस वर्षं काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाप्रमाणे मलाही फॉर्म दिसला की कपाळावर आठी येते. व्हिसा, पीआर, आईबाबांचा व्हिजिटर व्हिसा, त्यांचा विमा. त्यात ही आणखी एक भर, अशा मनःस्थितीत मी तो भरायला बसले. मग परवाना मुळात लागतो का, हे वाचत गेले आणि ती संध्याकाळ त्यातच गेली.

१९६३ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने अर्नहेम लँडच्या राखीव भूभागातली तीनशेहून जास्त चौरस किलोमीटर जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढली. योलंगूंना कुणी विचारलं नाही. तेव्हा यिरकाला या योलंगू वस्तीतल्या लोकांनी झाडाच्या सालीवर आपापल्या कुळांची चित्रं रंगवली, मधोमध टंकलिखित अर्ज चिकटवला, अर्धा स्वतःच्या भाषेत, अर्धा इंग्रजीत, आणि तो कॅनबेराच्या संसदेत पाठवला. खाण थांबली नाही. ते कोर्टात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला की या लोकांची नियमांची बांधीव व्यवस्था आहे हे खरं, पण त्यावरून जमिनीवर त्यांची मालकी आहे असं इथला कायदा मानत नाही. मग चौकशी आयोग बसला आणि १९७६ चा जमीन हक्कांचा कायदा आला. येणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार त्या भांडणातून मिळालेला आहे. हे वाचल्यावर धिमुरुचा फॉर्म मी मुकाट्याने, एकही रकाना न गाळता भरला. शुल्काचीही कुरकुर केली नाही.

शुक्रवारी सकाळी गोव्हला उतरलो. विमानतळाबाहेर बसची रांग, मनगटाला पट्टी, हातात तंबूचा नंबर आणि नियमांची पुस्तिका. दारू अजिबात नाही. अंत्यविधीचं काही चालू असेल तर तिकडे फिरकायचं नाही. माणसांचे फोटो विचारून. आणि निधन झालेल्या माणसाचं पहिलं नाव घ्यायचं नाही.

या शेवटच्या नियमाचा मला धंद्यामुळे विचार करावा लागला. योथु यिन्दी बँडचे गायक २०१३ मध्ये गेले. त्यांचे थोरले भाऊ, १९७८ चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ आणि जमिनीच्या लढ्यातलं सगळ्यांत मोठं नाव, एप्रिल २०२३ मध्ये गेले. दोघांचाही उल्लेख तिथे सतत होत होता, पण आडनावाने किंवा नात्याने. ‘यूनुपिंगु’ एवढंच. आमच्याकडे नाव नसलेला फोटो म्हणजे अर्धवट काम. इथे नाव न घेणं हाच मान. परत आल्यावर मी आमच्या संग्रहातल्या आदिवासी व्यक्तींच्या फोटोंआधी ‘यात निधन झालेल्या व्यक्ती असू शकतात’ अशी सूचना आहे की नाही ते तपासायला घेतलं आहे. काम मोठं आहे, चालू आहे.

तंबू बरे होते. रात्री वारा सुटतो आणि मेलबर्नच्या थंडीला सरावलेल्या मलाही पहाटे शाल लागली. शॉवरला सकाळी सहाला रांग असते, दुपारी जेवणानंतर कुणी नसतं. डोक्याला बांधायची बॅटरी न्या. पांढरं काही नेऊ नका, लाल धूळ नाकात, कानात, फोनच्या चार्जिंगच्या भोकातसुद्धा जाते. रेंज कधी असते, कधी नसते. घरी तसं सांगून ठेवा, म्हणजे कुणी काळजी करत बसणार नाही.

संध्याकाळी चारनंतर बुंगुल, म्हणजे पारंपरिक नाचगाणं, सुरू झालं. गार्माला जाणारा प्रत्येक जण यासाठीच जातो असं मी म्हणेन, बाकीचे काहीही सांगोत.

मध्ये वाळूचं मोठं मैदान. एका टोकाला सावलीत गाणारे पुरुष बसलेले, हातात बिल्मा म्हणजे लाकडाच्या टिपऱ्या, शेजारी यिदाकी वाजवणारा. यिदाकी म्हणजे तेच लांब पोकळ लाकडी वाद्य, ज्याला जग डिजेरिडू म्हणतं. वाळवीने आतून पोखरलेला युकॅलिप्टसचा ओंडका शोधून ते करतात, आणि इथे ते पुरुषच वाजवतात. बिल्माचा ठोका पडतो, यिदाकी आतून घुमायला लागते, गाणारा वरच्या सुरात ओळ धरतो आणि नाचणारे वाळू उडवत पुढे येतात. मिनिट-दोन मिनिटं. मग एका ठोक्यावर सगळं थांबतं. गाणं, पाय, यिदाकी, सगळं एकदम. नाचणारे पाठ फिरवून गप्पा मारत परत जातात. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पुन्हा.

पहिला अर्धा तास माझी चुळबुळ चालली होती. कार्यक्रमपत्रिका नाही, मध्यंतर नाही, टाळी कधी वाजवायची कळत नाही. निवेदक सांगत होते कोणतं कूळ आलं आहे आणि गाणं कशाचं आहे. वाऱ्याचं, शार्कचं, आगीचं. पण कथानक हुडकायला गेलात तर हाती लागत नाही, कारण तुम्ही पाहता तो मोठ्या गीतमालेतला एक तुकडा असतो. त्या गीतमालेला मनिकाय म्हणतात. ती जमिनीच्या विशिष्ट जागांना, पाण्याला, पूर्वजांच्या वाटांना धरून पुढे सरकते, आणि कुठल्या कुळाने कुठला भाग गायचा हे ठरलेलं असतं. दुसऱ्याचा भाग आपण गायचा तर त्यांची परवानगी हवी.

गुलकुलाची स्वतःचीही गोष्ट आहे. गानबुलापुला हा पूर्वज याच पठारावर मध शोधत फिरला. मधमाश्या उंच झाडांत कुठे जातात हे बघायला तो डोळ्यांवर हात धरून वर पाहायचा. नाचणाऱ्यांनी कपाळाशी आडवा हात धरून माना वर केल्या तेव्हा मी आपोआप त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. तिथे तीच झाडं होती.

माझ्यासमोर पाचेक वर्षांचा एक मुलगा आजोबांच्या पायात पाय घालत नाचत होता. अंगभर पांढऱ्या मातीचे पट्टे, कमरेला लाल कापड. ते कापड सारखं सुटायचं. दर वेळी कडेला बसलेली एक बाई (आजी असावी) त्याला खांद्याला धरून जवळ ओढायची, गाठ मारायची आणि पाठीवर थाप देऊन परत ढकलायची. पावलं त्याची चुकत होती, दिशाही चुकत होती. पण थांबायचा ठोका एकदाही चुकला नाही. शेवटच्या टिपरीला तो अचूक थांबायचा, समेवर यावं तसा, आणि मग आजीकडे बघायचा. त्या बाईने एकदाही हसून कौतुक केलं नाही. तिला त्यात विशेष काही वाटत नसावं.

दुसऱ्या एका संध्याकाळी लाल झेंडे घेतलेले नर्तक आले. हे झेंडे मकासरच्या, म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या बंदराच्या, गलबतांचे. युरोपियन लोक इथे वसायच्या आधीपासून सुलावेसीहून दर पावसाळ्याच्या वाऱ्याबरोबर गलबतं यायची, समुद्रकाकड्या गोळा करून, उकडून, धुरावर वाळवून चीनच्या बाजारासाठी घेऊन जायची. योलंगू त्यांच्याबरोबर काम करत, काही जण त्यांच्याबरोबर मकासरलाही जाऊन आले. हा प्रदेश तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या ताब्यात होता; त्या सरकारने परवाने बंद केले आणि १९०७ नंतर गलबतं यायची थांबली. शंभराहून जास्त वर्षं झाली. झेंडे अजून नाचतात.

सकाळच्या चर्चासत्रांबद्दल थोडक्यात. शनिवारी पंतप्रधान अँथनी अल्बनीज आले, त्यामुळे सुरक्षा आणि कॅमेऱ्यांची गर्दी. संसदेला सल्ला देणारं आदिवासींचं मंडळ (‘व्हॉइस’) राज्यघटनेत घालावं का, या सार्वमताचा मसुदा २०२२ मध्ये त्यांनी याच ठिकाणी मांडला होता, आणि १४ ऑक्टोबर २०२३ ला सहाही राज्यांनी तो फेटाळला. अर्नहेम लँडच्या दुर्गम मतदान केंद्रांवर मात्र ‘हो’चं पारडं जड होतं. तो निकाल मांडवात न बोलताही हजर होता. या खेपेला बोलणं होतं ते रोजगाराचं, उद्योगाचं, आणि या दशकाच्या अखेरीला खाण बंद झाल्यावर न्हुलुनबॉयचं काय होणार याचं. मला खरं वाटलं ते सांगते. गळ्यात ओळखपत्रं घातलेली कंपन्यांची आणि खात्यांची माणसं मांडवात फार होती, आणि नोंदणीचा आकडा पाहता ते साहजिक आहे. त्यांच्याकडून जास्त पैसे घेऊन शिक्षणाची कामं चालवायची यात मला काही गैर दिसत नाही. पण सामान्य नोकरदाराने मात्र खिसा चाचपूनच यावं. मी दोन सत्रं ऐकली आणि झाडाखाली विणकामाला जाऊन बसले.

तिथे पँडॅनसची पानं होती, आपल्या केवड्याच्या जातकुळीतली. कडेचे काटे नखाने सोलून काढायचे, पानाचे उभे पदर सोडवायचे, वाळवायचे, रंगाची मुळं घालून उकळत्या पाण्यात रंगवायचे, मग टोपली. शिकवणाऱ्या आजी माझ्या हातातलं पान न बोलता काढून घ्यायच्या, सोलून दाखवायच्या आणि परत द्यायच्या. असं बऱ्याचदा झालं. बोटं चिरली ती मात्र माझी. (बारीक चिकटपट्ट्या जवळ ठेवा.) त्यांचं बोलणं एक तरुण मुलगी इंग्रजीत सांगत होती.

“तुझ्या आईची जमीन कुठली?” आजींनी विचारलं.

“सांगलीजवळ. कृष्णा नदीच्या काठी.”

“पाणी गोडं का खारं?”

“गोडं.”

“आणि बापाची?”

बाबांचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीवर. खारं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि त्या मुलीशी बराच वेळ बोलल्या. मुलीने त्यातलं थोडंच मला सांगितलं. योलंगूंचं सगळं जग धुवा आणि यिरिट्जा या दोन भागांत वाटलेलं आहे. माणसंच नव्हे, झाडं, मासे, वारे, जमिनीचे तुकडेसुद्धा. मूल बापाच्या भागात जातं, लग्न पलीकडच्या भागातच करायचं. सगोत्र सोयरीक चालत नाही हे लहानपणापासून ऐकलेल्या मला ते समजायला वेळ लागला नाही. आमच्या गटातल्या इतरांना कागदावर तक्ता काढून द्यावा लागला. आईच्या बहिणीला आईच म्हणायचं आणि मामा नि आत्या मात्र अगदी वेगळी नाती, हे कळल्यावर तर मी बसल्या जागी माझं सगळं खानदान त्यांना सांगितलं. आजींना माझ्या विणकामापेक्षा त्यात जास्त रस होता.

रात्री गापान गॅलरी बघायची. युकॅलिप्टसच्या झाडांचे बुंधे पांढऱ्या मातीने रंगवतात आणि त्यांच्यामध्ये यिरकालाच्या कलाकारांचे छापचित्रांचे कागद टांगून उजेड सोडतात. पायाखाली वाळू. विक्री तिथेच होते आणि आवडलेली चित्रं भराभर जातात. मी एक लहान छापचित्र घेतलं, दोनशे डॉलरच्या आसपास. सोबत प्रमाणपत्र मिळतं, कलाकाराचं आणि कुळाचं नाव असलेलं. ते जपून ठेवा. चित्रासाठी पुठ्ठ्याची नळी घरूनच न्या.

बायकांसाठी पहाटेचं मिल्कारी असतं. ज्यांना यायचं त्यांनी अंधारात, बॅटऱ्या खाली धरून, पठाराच्या कड्यापाशी यायचं. खाली जंगल, त्यापलीकडे समुद्र. योलंगू म्हाताऱ्या बायका शेकोटीपाशी बसलेल्या. त्यांनी हेल काढून, शब्दांसकट रडायला सुरुवात केली. ते रडणंही होतं आणि गाणंही. एकीचा सूर संपायच्या आत दुसरी उचलायची. फोटो नाही, ध्वनिमुद्रण नाही, हे आधीच सांगितलेलं. आठवणी ध्वनिमुद्रित करणं हाच माझा पगाराचा धंदा असूनही हात पर्सकडे गेला नाही. उजाडल्यावर त्या उठल्या, चहा मागितला, एकमेकींना काहीतरी सांगून जोरजोरात हसल्या. मी त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी फारसं बोलले नाही.

सोमवारी समारोप झाल्यावर बहुतेक लोक लगेच विमानतळावर गेले. मी न्हुलुनबॉयला थांबले. माझा आग्रहाचा सल्ला, शक्य असेल तर थांबाच. राहायला जागा कमी आणि महाग, तेव्हा तीही विमानाबरोबरच ठरवा.

गावापासून वीसेक किलोमीटरवर यिरकाला. तिथल्या बुकु-लारंगाय मुल्का या कलाकेंद्राच्या संग्रहालयात चर्चचे दोन फलक आहेत. १९६२-६३ मध्ये धुवा आणि यिरिट्जा कुळांच्या वडीलधाऱ्यांनी एक-एक फलक रंगवला, दोन पुरुष उंचीचा, मेथॉडिस्ट चर्चमध्ये क्रुसाच्या दोन बाजूंना उभा करायला. कोणती जमीन कुणाची आणि का, हे सगळं त्यात आहे. वाचता येणाऱ्याला. सत्तरच्या दशकात चर्चने ते बाहेर काढले, ते उघड्यावर पडून राहिले आणि नंतर कलाकेंद्राने सोडवून आणले. आता ते अंधाऱ्या खोलीत आहेत, मंद उजेडात. मी कामाच्या सवयीने रंगाचे पोपडे कुठे सुटलेत ते शोधत होते. नंतर ते सोडून नुसती बसले.

दुसऱ्या दिवशी तंबूशेजारच्या बाई आणि मी मिळून फोर-व्हील-ड्राइव्ह भाड्याने घेतली. एकटीला परवडली नसती. वुर्रवुर्रवुय इथे दगडांची चित्रं आहेत. एकोणिसाव्या शतकात योलंगूंनी जमिनीवर गुडघ्याच्याही खाली राहतील असे दगड मांडून मकासरच्या गलबतांचे आराखडे काढले. आतले कप्पे, समुद्रकाकड्या उकडायच्या चुली, सगळं. २०१३ पासून ती राष्ट्रीय वारसा यादीत आहेत. वरून बघितलं तर दगडांच्या रांगा, पण उकिडवं बसून बघितलं की गलबताच्या पोटातल्या खोल्या एकेक करून दिसायला लागतात. गलबताच्या आत जे चढले होते त्यांनीच हे मांडलं असणार. मकासरच्या लोकांनी खाल्लेल्या चिंचांची झाडं या किनाऱ्यावर अजून उभी आहेत. किनाऱ्यावर मगरींच्या पाट्या आहेत, त्या खऱ्या मानून पाण्यापासून लांब राहा. परवाना छापून गाडीत ठेवा, कारण रेंज नसते.

घरी आल्यावर कपडे तीनदा धुतले, पायमोजे टाकून दिले. खर्च सगळा मिळून साडेचार हजारांच्या घरात गेला, त्यातला नोंदणीचा अर्धा भाग कार्यालयाने दिला. धिमुरुचं शुल्क मात्र कुठल्या शीर्षाखाली घालायचं यावर लेखा विभागाशी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

एवढा खर्च झेपणारा नसेल तर इतर वाटा आहेत. कॅथरीनपासून ८० किलोमीटरवर बारुंगाचा महोत्सव जूनमधल्या लांब सुट्टीच्या शनिवार-रविवारी भरतो. १९८८ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांना आदिवासींच्या हक्कांची मागणी करणारं बारुंगा निवेदन दिलं गेलं ते इथेच. रस्ता डांबरी आहे, साधी गाडी चालते, तंबू आपला आपण न्यायचा, तिकीट गार्माच्या मानाने किरकोळ, आणि मुलांना खेळायला फुटबॉलपासून भालाफेकीपर्यंत सगळं. नाचच बघायचे असतील तर केप यॉर्कमध्ये लॉराजवळ दर दोन वर्षांनी भरणारा नृत्यमहोत्सव आहे, तोही तंबूचाच आणि तिथेही दारूबंदी. आणि फक्त चित्रं, विणकाम बघायचं असेल तर ऑगस्टमध्येच डार्विनला आदिवासी कलाकेंद्रांची मोठी जत्रा भरते, तिथे शहरातल्या हॉटेलात राहून जाता येतं. पुढच्या जूनमध्ये मुलाला घेऊन बारुंगाला जायचा आमचा विचार आहे. कुणाला डार्विनहून गाडीत जागा हवी असेल तर आत्ताच सांगा, एप्रिलनंतर भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत.